हात कोणाला, वाट कोणाला

नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीच्या हद्दीत गाडीपुढे हात आडवा करणारी माणसं दोन प्रकारची. एक वर्दीतली, दुसरी लटकू. बाहेरच्या वाचकांना लटकू माहीत नसेल. शिर्डीहून शनिशिंगणापूरला निघालेल्या भाविकांच्या गाडीमागे मोटरसायकल लावायची, खिडकीशी येऊन 'रस्ता इकडून' म्हणत गाडी ठरलेल्या दुकानाकडे वळवायची आणि पूजेच्या ताटामागे कमिशन घ्यायचं, हा धंदा करणाऱ्या पोरांना इकडे लटकू म्हणतात. ही पोरं पाटी वाचतात. एमएच 17 दिसलं की सोडतात, कारण ती श्रीरामपूर आरटीओची, म्हणजे घरची गाडी. गुजरातची, मध्य प्रदेशची किंवा मुंबईची पाटी दिसली की किक मारतात.

माझी तक्रार अशी आहे की रस्त्यावरचा कायदासुद्धा याच पद्धतीने पाटी वाचायला लागला आहे. कोण धोकादायक चालवतंय हे बघण्याआधी कोण सहज थांबेल, कोण वाद घालणार नाही आणि कोणाच्या खिशातून लगेच निघेल हे बघितलं जातं. राहुरीतून रोज जाणाऱ्या कोणालाही विचारा. सकाळी दुधाच्या किटल्या लावून निघालेला, कांद्याची पट्टी घ्यायला वांबोरीला चाललेला, कृषी विद्यापीठाच्या गेटवरून गावात आलेला पोरगा, हे थांबतात. रात्री दीडला नदीकडून वर चढणारा बिनपाटीचा डंपर थांबत नाही.

आधी थांबवल्यावर काय होतं ते बघू.

"गाडी बाजूला घे. लायसन?"

"घरी राहिलं साहेब."

"हेल्मेट?"

"इथंच चाललोय साहेब, मार्केटला."

"आरसी, पीयूसी, इन्शुरन्स?"

इथवर सगळीकडे सारखंच. पुढचा प्रवेश आपल्या भागाचा. पोरगा खिशात हात घालतो तो पाकिटासाठी नाही, मोबाइलसाठी. दोन-तीन नंबर लावतो, एक लागतो, आणि मग फोन पुढे करून म्हणतो, "साहेब, जरा बोला ना." पलीकडे कोणी सरपंच असतो, कोणी बाजार समितीचा संचालक, कोणी आमदाराच्या कार्यालयात बसणारा. पलीकडून येणारं वाक्यही ठरलेलं: "आपलंच पोरगं आहे, बघा जरा." हवालदार दहा सेकंद ऐकतो, फोन परत देतो आणि हाताने जा म्हणून खुणावतो. मागे उभा असलेला पुढे येतो. त्याच्याकडे असा नंबर नसतो. त्याची पावती फाटते.

तालुक्याचं राजकारण याच फोनवर उभं आहे. कार्यकर्ता कशासाठी ठेवायचा, तर रात्री-अपरात्री फोन उचलायला. 'गाडी सोडवून दिली' ही मतदारसंघातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त लक्षात राहणारी सेवा आहे. रस्ता दुरुस्त करायला वर्षं जातात, गाडी दहा सेकंदांत सुटते. म्हणून गाडी सोडवणारा नेता लोकांना जवळचा वाटतो. पण त्या फोनाचा खर्च कोण भरतं? ज्याचं इथे कोणी नाही तो. बीडहून ऊसतोडीला आलेला, जोडीदाराची मोटरसायकल घेऊन किराणा आणायला निघालेला, तो. बिहारमधून हॉटेलात कामाला आलेला, तो. बाहेरगावाहून शिकायला आलेला कृषी विद्यापीठाचा विद्यार्थी, तो. कायद्याने ठरवलेला दंड या लोकांकडून पूर्ण वसूल होतो, आणि बाकीच्यांना तो ओळखीच्या प्रमाणात लागू होतो.

दंड आता लहान राहिलेला नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा. 2019 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि 1 सप्टेंबर 2019 पासून नवे दंड देशभर आले. महाराष्ट्राने तेव्हा हात आखडता घेतला. परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी दंड फार आहेत, फेरविचार करा, असं केंद्राला कळवलं. मग 2021 च्या डिसेंबरात सरकार बदललेलं असताना नवे तडजोड दर राज्यात लागू झाले. लायसन नसताना चालवलं की पूर्वी पाचशे होते, आता पाच हजार. हेल्मेटला केंद्राच्या कायद्यात हजार रुपये आणि तीन महिने लायसन निलंबित अशी तरतूद आहे. आपल्याकडे जागेवर पाचशे घेतात. जास्त भार भरला तर वीस हजार, आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आणखी.

दंड वाढवताना दिल्लीत युक्तिवाद होता की भीती वाढेल आणि शिस्त येईल. शिस्त थोडी आली हे मी नाकारत नाही. पण दुसरं एक वाढलं, त्याचा हिशोब कोणी मांडला नाही. पाचशेचा दंड होता तेव्हा मांडवली शंभर-दोनशेत व्हायची. पाच हजारांचा झाला की मांडवलीला मोठी जागा मिळते. रोजंदारीवरच्या माणसाला पाच हजार म्हणजे आठवडाभराची मजुरी. त्याला सरळ भरणं झेपत नाही, म्हणून तो स्वतःच विचारतो, "साहेब, काहीतरी करा ना." आणि काहीतरी होतं. पावतीशिवाय दिलेल्या प्रत्येक नोटेबरोबर आपण त्या माणसाला शिकवतो की या रस्त्यावर नियमाला भाव आहे. तोच भाव रात्री वाळूवाला मोठ्या आकड्यात देतो. दिवसा दोनशे देणाऱ्याने रात्रीच्या डंपरबद्दल आरडाओरडा केला तर त्याचं कोणी ऐकत नाही. मला हे फार लागतं, कारण आरडाओरडा खरा असतो.

म्हणून सांगतो. चूक असेल तर दंड भरा आणि पावती घ्या. यंत्रातून निघते, मोबाइलवर मेसेज येतो. लगेच पैसे नसतील तर चलान गाडीच्या नावावर राहू द्या, नंतर भरा. जागेवर रोख दिलंच पाहिजे असं बंधन नाही. कागद जवळ नसतील तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन उघडून दाखवा. 2018 पासून केंद्रीय मोटार वाहन नियम 139 मध्ये हे चालतं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कलम 130 प्रमाणे लायसन मागणारा पोलीस वर्दीत हवा. साध्या कपड्यांत कोणी गाडी आडवी घालून कागद मागत असेल तर आधी ओळखपत्र मागा, भाविकांनी तर नक्की मागा. आणि कोणाही पोलिसाने चालत्या मोटरसायकलची चावी ओढू नये. वेगातल्या गाडीच्या हँडलशी झोंबाझोंबी केली की माणूस पडतो, आणि पडलेल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं म्हणूनच त्याला थांबवायला गेलेले असता.

हेल्मेटचा विषय निघाला आहे तर तिथे मी पोलिसांच्या बाजूने उभा आहे, सगळी तक्रार बाजूला ठेवून. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यातली 15,224 महाराष्ट्रातली. मेलेल्यांतले जवळजवळ 45 टक्के दुचाकीवर होते. हेल्मेट नव्हतं असे पन्नास हजारांहून जास्त, आणि त्यातले 14,337 मागे बसलेले. मागे बसलेले म्हणजे कोण? आपल्या भागात बायको, आई, बहीण. चालवणाऱ्याच्या डोक्यावर निदान दंडाच्या भीतीने काहीतरी येतं, मागच्या बाईच्या डोक्यावर पदर असतो. साडीचा घोळ एका बाजूला, मांडीवर लेकरू, दुसऱ्या हातात पिशवी, आणि खड्डा आला की तीच आधी खाली. राहुरी फॅक्टरीपासून विळद घाटापर्यंत असे अपघात किती झाले असतील ते रस्त्याकडेच्या गावांना ठाऊक आहे. त्यामुळे 'गावातल्या गावात कशाला हेल्मेट' हे वाक्य मला सहन होत नाही. राहुरीचं गाव महामार्गावरच वसलं आहे. इथे 'गावातल्या गावात' जायचं म्हटलं तरी बारा चाकी कंटेनरच्या शेजारून जावं लागतं.

मग माझं भांडण कशाशी? मोजणीशी. मोहीम झाली की बातमी येते की इतक्या वाहनचालकांवर कारवाई आणि इतका दंड वसूल. त्या आकड्यात हेल्मेट किती, कागद किती, आणि ज्याने माणूस मरतो तो प्रकार किती, हे वेगळं करून कोणी सांगत नाही. दिवसभरात पन्नास पावत्या करायच्या असतील तर सोपा मार्ग कोणता? दुचाकी. ती थांबते, वळत नाही, अंगावर येत नाही.

आता अवघड बाजू घेऊ. गाळपाचा हंगाम सुरू झाला की या तालुक्यातून सगळ्या दिशांना ऊस निघतो. राहुरीचा तनपुरे साखर कारखाना चालू असो की बंद, ऊस काही थांबत नाही. वांबोरीकडे, प्रवरानगरकडे, नेवाशाकडे जातच असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींच्या बाहेर हातभर लोंबणारा ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला किंवा नाहीच, आणि टपावरच्या डेकचा आवाज इतका की मागचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येत नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांत डोळे दिपलेले असताना ही ट्रॉली दुचाकीवाल्याला दिसते ती शेवटच्या दहा-पंधरा फुटांवर. पंक्चर झाली तर तिथेच डांबरावर दगड लावून उभी. ड्रायव्हर जेवायला गेलेला, दगड सकाळपर्यंत तिथेच. नगर जिल्ह्यात दर हिवाळ्यात या एका कारणाने पोरं जातात. मरणाचं कारण सगळ्यांना आधीपासून माहीत आहे. अगदी कारखान्याला, ठेकेदाराला आणि पोलिसांनासुद्धा.

उपाय अवघड आहे का? लाल रिफ्लेक्टरची पट्टी शे-दोनशे रुपयांची. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक ट्रॉली येतेच. कुठेही नाकाबंदी लावायची गरज नाही, वाहन स्वतः रांगेत उभं राहतं, वजन तिथेच होतं, नंबर तिथेच लिहिला जातो. रिफ्लेक्टर नसेल तर काटा करायचा नाही, एवढा एक नियम कारखान्याने केला आणि आरटीओच्या माणसाने हंगामभर आठवड्यातून एकदा तपासला, तर संपलं. हंगामाच्या सुरुवातीला मान्यवरांच्या हस्ते पाच ट्रॉल्यांना पट्टी लावून फोटो काढतात. उरलेल्या ट्रॉल्यांचं काय? ऊसतोड मजुराच्या आणि ट्रॅक्टर मालकाच्या पोटावर पाय देऊ नका, असं मला सांगितलं जाईल. मी कुठे दंड मागतोय? मी पट्टी मागतोय. बैलगाडीलाही मागतोय, तिच्या चाकामागे काहीच चमकत नाही.

वाळूचं प्रकरण याहून वाईट. मुळा आणि प्रवरा या दोन नद्यांनी राहुरीला पाणी दिलं, माती दिली आणि वाळूही दिली. ही वाळू रात्री उपसायची आणि उजाडायच्या आत पोहोचवायची, हा उद्योग कोणापासून लपलेला नाही. मे 2023 मध्ये शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात नायगावला राज्यातलं पहिलं सरकारी वाळू विक्री केंद्र सुरू झालं, ब्रासला सहाशे रुपये भाव ठरला. चोरी संपेल असं सांगितलं गेलं. रात्रीचे डंपर तरीही धावत आहेत. धावणारा डंपर वेगात असतो कारण त्याला फेऱ्या वाढवायच्या असतात, दिवे बंद करून येतो कारण त्याला दिसायचं नसतं, आणि पाटी काढलेली असते कारण त्याला सापडायचं नसतं. महसूलच्या पथकांवर हल्ल्याच्या बातम्या या जिल्ह्याला नव्या नाहीत. तलाठ्याच्या अंगावर गाडी घालणारा, अंधारात घराकडे निघालेल्या दुचाकीवाल्यासाठी ब्रेक दाबेल का?

आणि इथे आपली सगळी यंत्रणा उघडी पडते. ई-चलान पाटीवर चालतं. कॅमेरा पाटी वाचतो, हवालदाराचं यंत्रही पाटी मागतं. ज्याने पाटी लावली तो सापडतो. ज्याने काढून सीटखाली ठेवली त्याचं चलान कोणाच्या नावाने निघणार? 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी लावा म्हणून सरकारने पुन्हा पुन्हा मुदती दिल्या. मार्च 2025 ची मुदत एप्रिलला गेली, मग जूनला, मग ऑगस्टला आणि तिथून आणखी पुढे. दुचाकीला आणि ट्रॅक्टरला साडेचारशे रुपये अधिक जीएसटी. पंधरा वर्षांच्या जुन्या स्प्लेंडरवाल्या शेतकऱ्याने रांग लावून, ऑनलाइन नोंदणी करून पाटी बसवली. तो आता आणखी नीट वाचता येतो. जो कधीच वाचता येऊ नये अशी व्यवस्था आहे, त्याला कोणी पाटी बसवायला लावली? कलम 39 प्रमाणे नोंदणी-क्रमांक न दाखवता वाहन रस्त्यावर आणताच येत नाही. बिनपाटीचा डंपर महामार्गावर दिसला, तर तिथे थांबवायला दुसरं कोणतंही कारण लागत नाही. थांबवा. त्याच्या पुढे-मागे चालणारी, रस्ता मोकळा आहे का बघणारी मोटरसायकल असते, तिलाही थांबवा. दिवसा पन्नास हेल्मेट पकडणाऱ्या पथकाने रात्री एक डंपर पकडला तर राहुरीकर त्या पथकाचा सत्कार करतील, पहिला हार मी आणीन.

ई-चलानने आणखी एक घोळ घातला आहे, तो गावोगाव आहे म्हणून थोडं थांबतो. जुनी मोटरसायकल विकताना आपल्याकडे काय होतं? बाजारात सौदा होतो, टीटी फॉर्मवर सही होते, आरसी दिली जाते आणि विषय मिटतो. घेणारा नाव लावून घेत नाही, तोही पुढे विकतो. तीन-चार हात फिरून गाडी कुठेतरी पुण्यात सिग्नल तोडते आणि चलान राहुरीतल्या मूळ मालकाच्या नावाने येतं. कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. हे कोणी करत नाही, कारण एजंट म्हणतो 'होऊन जाईल'. होत नाही. गाडी विकली की घेणाऱ्याच्या नावावर झाल्याची नोंद स्वतः ऑनलाइन बघा, तोवर पूर्ण पैसे मिळाले तरी व्यवहार अपुरा समजा.

दुसरा घोळ मोबाइल नंबरचा. गाडी घेताना शोरूमच्या पोराने किंवा एजंटाने स्वतःचा नंबर टाकलेला असतो. चलानाचे मेसेज वर्षानुवर्षं त्याला जातात. मालकाला पहिल्यांदा कळतं ते थेट नाक्यावर, जेव्हा हवालदार यंत्रात नंबर टाकून म्हणतो, "सात चलानं आहेत तुझ्यावर, आधी ती भर." नंबर दुरुस्त करायची सोय परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आहे, आजच करून घ्या. चलान चुकीचं असेल, म्हणजे गाडी गोठ्याशेजारी उभी आणि चलान मुंबईचं, तर राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रार करता येते. फोटो मागवा आणि पाटी, रंग, मॉडेल जुळतं का बघा. नियम 167अ सांगतो की यंत्राने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायला हवी. दीड वर्षाने एकदम दहा चलानं समोर येत असतील तर हा नियम दाखवून विचारायचा हक्क तुमचा आहे.

थकलेल्या चलानांच्या नोटिसा राष्ट्रीय लोकअदालतीच्या वेळी मोबाइलवर येतात. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे लोकअदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून तिथे मान्य करण्याआधी यादी नीट तपासा. आणि व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नका. सरकार फाइल पाठवून दंड घेत नाही. ती फाइल उघडली की फोनमधले मेसेज भामट्याच्या हाती जातात आणि खातं रिकामं होतं. पोलिसांच्या चलानाला लोक इतके घाबरलेले आहेत की चोरांना दुसरं सोंग शोधावं लागलं नाही.

हवालदाराचीही एक गोष्ट ऐकून घेतली पाहिजे. चार रस्त्यांच्या तोंडावर उन्हात उभं राहायचं, अंगावर धूळ आणि धूर, सावलीला छत्री नाही, जवळ स्वच्छतागृह नाही, आणि दिवसभरात वीस फोन ऐकायचे. महिला पोलिसांचे हाल तर विचारूच नका. फोन ऐकला नाही तर बदली, ऐकला तर वरून विचारणा की कारवाई कमी का. 2025 च्या जुलैमध्ये वाहतूकदारांच्या तक्रारींनंतर राज्यातल्या वाहतूक पोलिसांना खासगी मोबाइलवर वाहनांचे फोटो काढायला मनाई झाली. योग्यच झालं, कारण खासगी फोनमधला फोटो नंतर केव्हाही चलान होऊ शकतो किंवा मांडवलीचं हत्यार होऊ शकतो. पण मग सरकारी यंत्रं पुरेशी द्या, अंगावरचे कॅमेरे द्या. अंगावर कॅमेरा असेल तर प्रामाणिक हवालदाराला मोठा आधार मिळेल. फोन पुढे केलेल्या पोराला तो सांगू शकेल, "बोलतो, पण रेकॉर्ड होतंय."

शाळकरी पोरांचं थोडक्यात सांगतो. नववी-दहावीतली मुलं क्लासला स्कूटर घेऊन येतात, तिघं बसतात. कलम 199अ प्रमाणे पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. कायदा कडक आहे, असावाही. पण वाडीवस्तीवरून सकाळच्या क्लासला पोहोचवणारी एसटी किती गावांना उरली आहे, तेही त्याच फायलीत लिहा. बापाला दंड करा आणि बस सुरू करा. नुसता दंड करून ते पोरगं उद्या पुन्हा स्कूटरवरच येणार आहे.

राहिला रस्ता. नगर-मनमाड महामार्गाबद्दल या भागात कोणाला नव्याने सांगावं असं काही नाही. कामं निघाली, ठेकेदार आले, अर्धं खणून गेले, पुन्हा निविदा निघाल्या, आंदोलनं झाली, खड्डे बुजवले, पावसाने पुन्हा उघडले. शिर्डी आणि शिंगणापूर यांच्यामधला हा पट्टा. देशभरातून माणसं श्रद्धेने येतात आणि राहुरीत येऊन कमरेला पट्टा बांधतात. याच रस्त्यावर उभं राहून आपल्याला नियम शिकवले जातात. तर मग 2019 च्या त्याच दुरुस्तीतलं कलम 198अ वाचा. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसेल आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार प्राधिकरणाला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हेल्मेटच्या दंडाचं कलम आणि हे कलम एकाच कायद्यातलं आहे, एकाच दुरुस्तीतून आलेलं आहे. हेल्मेटचं वापरात आहे. 198अ खाली या रस्त्यावरच्या कोणत्या ठेकेदाराला दंड झाला ते संबंधितांनी जाहीर करावं. मेलेल्या माणसाच्या घरी पंचनाम्यात 'भरधाव वेगात निष्काळजीपणे' असं छापील वाक्य पोहोचतं. खड्डा किती खोल होता, कडेला पट्टा होता का, दुभाजकाला रंग होता का, हे पंचनाम्यात लिहिलं तरच पुढे 198अ चालेल. हे लिहिणं ठाण्याच्या हातात आहे आणि त्याला कोणत्याही मंत्र्याची परवानगी लागत नाही.

एक लाख ही रक्कम कोट्यवधींच्या ठेक्यापुढे किरकोळ आहे, हे मलाही कळतं. तरी ती एकदा लागू दे. पाचशे रुपयांनी शेतमजुराला शिस्त लागते असं मानणाऱ्यांनी ठेकेदारालाही एकदा त्याच उपायाची संधी द्यावी.

माझी मागणी छोटी आहे. राहुरी पोलीस ठाण्याच्या आणि बस स्थानकाच्या फलकावर दर महिन्याला सहा आकडे लिहा: हेल्मेटच्या किती पावत्या, कागदांच्या किती, दारू पिऊन चालवणारे किती, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या किती, बिनपाटीची अवजड वाहनं किती, आणि रस्त्याच्या दोषामुळे झालेल्या अपघातांत 198अ खाली किती प्रस्ताव पाठवले. वसूल रक्कम लिहिली नाही तरी चालेल. गाळप हंगाम सुरू होण्याआधी पहिला फलक लागावा. आणि ज्यांचे फोन हवालदाराला येतात त्या सर्वपक्षीय मंडळींनी तोपर्यंत एकच करावं: पुढचा फोन आला की त्या पोराला सांगावं, पाचशे भर, पावती घे, आणि येताना हेल्मेट विकत घेऊन ये. पैसे नसतील तर हेल्मेटचे पैसे नेत्याने द्यावेत.